सुविचार आणि हिरोडोटस

आमच्या शाळेच्या दारात एक फळा आहे. रोज सकाळी प्रार्थनेआधी त्यावर एक सुविचार लिहिण्याचे काम गेली कित्येक वर्षे माझ्याकडे आहे. त्यासाठी मी एक वहीच घातली आहे. वाचता वाचता एखादे चटकदार वाक्य दिसले, की ते मी त्या वहीत टिपून ठेवतो. कोणी म्हटले, कोणाला म्हटले, कोणत्या प्रसंगी म्हटले, ही चौकशी मी फारशी करीत नसे. वाक्य सुटसुटीत असावे, फळ्यावर दोन ओळींत मावावे, आणि मुलांना पाठ व्हावे, एवढीच माझी अपेक्षा. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाने प्रसंगावाचून वाक्य उचलावे, हे खरे तर लाजिरवाणेच. पण सकाळच्या घाईत लाज कोणाला आठवते?

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. ग्रीक भाषेचे एक अक्षर मला येत नाही. हिरोडोटस मला भेटला तो जॉर्ज रॉलिन्सनने एकोणिसाव्या शतकात केलेल्या इंग्रजी भाषांतरातून, आणि तोही रद्दीच्या दुकानात. शब्दकोश मांडीवर घेऊन एका पावसाळ्यात मी तो ग्रंथ वाचला. युद्ध आणि दैव यांवरची त्यातली आठ-दहा वचने माझ्या वहीत गेली. त्यांतले एक मी एके दिवशी फळ्यावर लिहिले. शांततेच्या दिवसांत मुलगे बापांची उत्तरक्रिया करतात, युद्धाच्या दिवसांत ती बापांना मुलांची करावी लागते. म्हणून शांतता सोडून युद्ध पत्करील इतका मूर्ख कोणी नसतो, अशा अर्थाचे ते वचन. लिहून झाल्यावर दोन पावले मागे सरून मी अक्षर न्याहाळले. मजकूर मला फारच आवडला होता.

आमच्या शाळेचे शिपाई, ज्यांना आम्ही सारेच ‘मामा’ म्हणतो, घंटेजवळ उभे राहून तो फळा वाचीत होते. मामांचे वाचन सावकाश. शेवटच्या शब्दापर्यंत पोचल्यावर त्यांनी मला विचारले,

“गुरुजी, हे कुणाचं म्हणणं?”

“एका राजाचं, मामा. अडीच हजार वर्षांमागच्या.”

“त्याला पोर नसंल,” मामा म्हणाले. “लढाई कशाला लागती त्याला? माझा कुठं लढाईवर गेला होता?”

मामांचा मुलगा विहिरीत पोहायला उतरला आणि वर आला नाही, त्याला तेव्हा चार वर्षे झाली होती. मी काहीच बोललो नाही. मामांनी घंटा दिली, प्रार्थना सुरू झाली, आणि ओठांनी प्रार्थना म्हणत मी त्या फळ्याकडे पाठ करून उभा राहिलो.

संध्याकाळी घरी येऊन मी पुस्तक उघडले. त्या राजाला पोर होते, एवढे मला अंधुकसे आठवत होते. पण जे वाचले, ते मी आधी वाचूनही वाचले नव्हते, असे म्हणायची वेळ आली. आज या दिवाळी अंकात, घरात फराळाची ताटे फिरत असताना, चितेच्या आणि युद्धाच्या गोष्टी काढतो आहे, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. परंतु ही गोष्ट शेवटी बाप-लेकांचीच आहे, आणि बाप-लेक एकत्र बसतात असे दिवस वर्षात थोडेच असतात.

हिरोडोटसचा जन्म इ.स.पू. ४८४ च्या सुमारास हॅलिकार्नेसस येथे झाला. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरचे बोद्रुम ते हेच. इराणच्या सम्राटांनी ग्रीसवर ज्या स्वाऱ्या केल्या, त्या का झाल्या आणि कशा झाल्या, हे सांगण्यासाठी त्याने आपला ग्रंथ लिहिला. पुढे कोणीतरी त्याचे नऊ भाग पाडून त्यांना नऊ कलादेवतांची नावे दिली. त्याने आपल्या कामाला जो शब्द वापरला, त्याचा मूळ अर्थ चौकशी असा आहे. त्याच शब्दापासून युरोपीय भाषांतला इतिहासवाचक शब्द आला. सिसेरोने त्याला इतिहासाचा जनक म्हटले. प्लुटार्कने मात्र त्याच्या दुष्टबुद्धीवर एक स्वतंत्र निबंधच लिहिला. एवढी परस्परविरुद्ध बक्षिसे एकाच लेखकाच्या पदरात पडली, की तो लेखक वाचण्याजोगा आहे असे खुशाल समजावे.

माझ्या फळ्यावरचे वाक्य ज्याच्या तोंडचे, तो लिडियाचा राजा क्रीसस. त्याच्या संपत्तीला पार नव्हता. अथेन्सचा कायदेकर्ता सोलन त्याच्याकडे पाहुणा आला, तेव्हा राजाने त्याला आपली भांडारे दाखविली आणि जगातला सर्वांत सुखी माणूस कोण, असे विचारले. उत्तर काय यावे, हे अर्थात राजाने आधीच ठरविले होते. सोलनने आधी टेलस नावाच्या एका साध्या अथेनियन गृहस्थाचे नाव घेतले. नातवंडे पाहून तो आपल्या नगरासाठी लढता लढता मेला होता. नंतर दोन भावांचे नाव घेतले. त्यांनी बैल वेळेवर न आल्यामुळे आईची गाडी स्वतः ओढून तिला देवळात पोचविले, आणि त्याच रात्री झोपेत त्यांना मरण आले. राजा चिडला. त्यावर सोलनने हिशेब मांडला. माणसाचे आयुष्य सत्तर वर्षांचे धरले आणि एक वर्षाआड अधिक महिना धरला, तर दिवस होतात २६,२५०. आणि यांतला एकही दिवस दुसऱ्यासारखा नसतो. म्हणून शेवट पाहिल्याशिवाय कोणाला सुखी म्हणू नये. फार तर नशीबवान म्हणावे. या हिशेबाने वर्ष ३७५ दिवसांचे भरते, आणि एखाद्या गणिताच्या मास्तराने त्यावर लाल रेघ ओढली असती. पण सोलनचा मुद्दा बेरजेचा नव्हता, शेवटच्या दिवसाचा होता.

सोलन निघून गेला, आणि क्रीससला स्वप्न पडले की आपला मुलगा ॲटिस लोखंडी भाल्याने मरणार. राजाला दोन मुलगे. एक मुका, आणि दुसरा हा ॲटिस, सर्व गुणांनी भरलेला. बापाने मुलाला लढाईवर पाठविणे बंद केले. भिंतीवरची शस्त्रे चुकून त्याच्यावर पडतील म्हणून तीसुद्धा काढून आत रचून ठेवली. इतक्यात मीसियाच्या लोकांकडून बोलावणे आले, की एक रानडुक्कर शेते उद्ध्वस्त करीत आहे, राजपुत्राला पाठवा. बाप नाही म्हणाला. तेव्हा मुलानेच युक्तिवाद केला, की डुकराला कुठे हात असतात, आणि त्याच्यापाशी कुठे लोखंडी भाला असतो? बाप हरला. सोबतीला त्याने ॲड्रास्टस नावाचा एक आश्रित दिला. हातून चुकून भाऊ मारला गेल्यामुळे घराबाहेर पडलेला हा माणूस. क्रीससनेच त्याला शुद्ध करून घेऊन ठेवून घेतले होते. शिकारीत त्या ॲड्रास्टसने डुकरावर भाला फेकला. तो चुकला आणि ॲटिसला लागला.

हे घडले ते शांततेच्या काळात. लढाई नव्हती, शत्रू नव्हता. बापाने जी जी काळजी घेतली, तिच्यातूनच भाला आला. हेच मी पहिल्या वेळी वाचूनही विसरलो होतो. शांततेत मुलगे बापांची उत्तरक्रिया करतात, असे ज्या माणसाने पुढे म्हटले, त्याने स्वतः शांततेतच आपल्या मुलाची उत्तरक्रिया केली होती. मामांनी केलेला तर्क चुकीचा होता आणि त्यांचा आक्षेप अचूक होता.

आता ते वाक्य क्रीसस कोणत्या घडीला बोलतो, तेही पाहण्याजोगे आहे. दोन वर्षे शोक केल्यावर तो उठला, कारण शेजारी इराणचा सायरस वाढत चालला होता. त्याने डेल्फीला कौल विचारला. त्याने इराण्यांवर चाल केली तर एक मोठे साम्राज्य लयाला जाईल, असे उत्तर आले. ते साम्राज्य कोणाचे, हे विचारण्याची त्याला गरज वाटली नाही. इ.स.पू. ५४६ च्या सुमारास त्याची राजधानी सार्डिस पडली आणि सायरसने त्याला चितेवर चढविले. तेथे त्याने तीनदा सोलनचे नाव घेतले. ते कोणाचे नाव, अशी चौकशी झाली. सारी कथा ऐकून सायरस द्रवला, पण आग आवरेना. शेवटी निरभ्र आकाशातून पाऊस आला आणि क्रीसस वाचला. मग सायरसने विचारले, की माझ्या मुलखावर चाल करून येण्याची बुद्धी तुला कोणी दिली? ते सुप्रसिद्ध वचन हे या प्रश्नाचे उत्तर आहे. क्रीसस म्हणतो, ग्रीकांच्या देवाने मला भरीस घातले. नाहीतर बापांना मुलांची उत्तरक्रिया करायला लावणारे युद्ध कोण शहाणा पत्करतो? तेव्हा ही देवांचीच इच्छा असणार.

म्हणजे आपण ज्याला युद्धाविरुद्धचे महावाक्य समजतो, ती मुळात एका पराभूत राजाने दिलेली सबब आहे! युद्ध इतके वेडेपणाचे, की ते मी केले असणे शक्य नाही, असा तो युक्तिवाद. वर्गात काच फुटल्यावर मुले काही वेगळे सांगत नाहीत.

हिरोडोटस ही सबब तशीच सोडीत नाही, यातच त्याचे मोठेपण आहे. क्रीसस आपल्या पायांतल्या बेड्या डेल्फीला पाठवून देवाला जाब विचारतो. तेथून जे उत्तर येते, त्याचे दोन भाग आहेत. पहिला असा, की नेमलेले चुकविणे देवालाही शक्य नाही. क्रीससच्या पाचव्या पिढीमागच्या पूर्वजाने, गायजिसने, धन्याचा खून करून राज्य घेतले, त्याचे देणे क्रीससच्या वाट्याला आले, आणि अपोलोने फार खटपट करून सार्डिसचे पतन तीन वर्षे पुढे ढकलले, तेवढेच त्याच्या हाती होते. दुसरा भाग असा, की कोणाचे साम्राज्य, हे क्रीससने विचारायला हवे होते. ते विचारले नाही हा दोष त्याचाच. क्रीससने हे ऐकले आणि चूक आपली होती, देवाची नव्हती, असे कबूल केले. दैवही खरे आणि दोषही खरा. एकाच निरोपात दोन्ही गोष्टी सांगून हिरोडोटस पुढे जातो. त्यांचा मेळ घालून देत नाही. दैववाद म्हणजे हात बांधून बसणे असे ज्यांना वाटते, आणि दैव म्हणजे निव्वळ भाकड असे ज्यांना वाटते, त्या दोघांनीही हे पान वाचावे.

एकदा ही किल्ली हाती आल्यावर मी वहीतली बाकीची वचने एकेक करून मूळ जागी लावून पाहिली. माणसाचे दैव हे फिरते चाक आहे, ते एकालाच सतत वर ठेवीत नाही, हे वचनही याच क्रीससचे. आता तो सायरसचा सल्लागार झाला आहे, आणि मॅसागेटी लोकांची राणी तोमिरिस हिच्यावर स्वारी करण्याच्या प्रसंगी ते तो उच्चारतो. वचन शहाणपणाचे. पण त्याला जोडून तो जो सल्ला देतो, तो काय? नदी ओलांडून जा, मेजवानी आणि मद्य मांडून ठेवा, शत्रू त्यावर तुटून पडला की त्याला कापा. तसेच झाले. तोमिरिसचा मुलगा हाती सापडला आणि शुद्धीवर येताच त्याने प्राण दिला. मग त्या आईने जी लढाई केली, तीत सायरस मेला. तो इ.स.पू. ५३० चा सुमार. चाकाची गोष्ट सांगणाऱ्यानेच चाकाला हात लावला, आणि एका आईच्या पदरी ते दुःख घातले, जे त्याच्या स्वतःच्या पदरी होते.

झर्क्सीसचेही तसेच. इ.स.पू. ४८० मध्ये ग्रीसवर जाताना अबायडॉसच्या टेकडीवर, पांढऱ्या दगडाच्या आसनावर बसून त्याने आपले सैन्य पाहिले. आज जिला आपण दार्दानेल्स म्हणतो, ती सामुद्रधुनी जहाजांनी झाकून गेली होती. प्रथम त्याने स्वतःला धन्य म्हटले आणि मग तो रडू लागला. शंभर वर्षांनी यांतला एकही जिवंत नसणार, हे त्याच्या मनात आले. त्याचा चुलता आर्टाबानस त्याला म्हणतो, की याहून करुण गोष्ट वेगळीच आहे. एवढ्याशा आयुष्यातही मरण आले तर बरे, असे ज्याला एकदा सोडून अनेकदा वाटले नाही, असा माणूस नाही. हा संवाद सुटा वाचला तर झर्क्सीस मोठा कोमल हृदयाचा वाटतो. पण थोडीच पाने मागे जावे. सार्डिसहून सैन्य निघताना पिथियस नावाच्या वृद्ध लिडियन धनिकाने विनंती केली होती, की माझे पाचही मुलगे आपल्या सैन्यात आहेत, थोरला तेवढा मला राहू द्या. झर्क्सीसने त्या थोरल्याचे दोन तुकडे करविले, ते रस्त्याच्या दोन बाजूंस ठेवविले, आणि सैन्य त्यांच्यामधून नेले. लाखो माणसांसाठी डोळ्यांत पाणी आले. समोर उभ्या राहिलेल्या एका बापासाठी आले नाही. मानवजातीवर प्रेम करणे सोपे आणि माणसावर करणे अवघड, हे हिरोडोटस कोठेही म्हणत नाही. तो फक्त दोन प्रसंग जवळजवळ ठेवतो.

मला सर्वांत हलविले ते मात्र एका निनावी माणसाने. प्लाटियाच्या लढाईपूर्वी, इ.स.पू. ४७९ मध्ये, थीब्ज येथे एक मेजवानी झाली. पन्नास इराणी आणि पन्नास थीबन, प्रत्येक आसनावर एकेक जोडी. ऑर्कोमेनसचा थर्सांडर तेथे होता, आणि त्याच्याच तोंडून आपण हे ऐकले, असे हिरोडोटस आवर्जून सांगतो. शेजारचा इराणी ग्रीक भाषेत त्याला म्हणाला, की हे जेवणारे आणि नदीकाठी तळ देऊन असलेले सैन्य, यांतले थोडेच थोड्या दिवसांनी जिवंत दिसतील. आणि तो ढसढसा रडला. थर्सांडरने विचारले, मग हे सेनापती मार्डोनियसला का सांगत नाही? त्याने उत्तर दिले, की देवाने योजलेले माणसाला टाळता येत नाही, आणि खरे सांगणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. पुष्कळ कळावे आणि काहीच करता येऊ नये, यासारखे दुःख नाही.

हे दैव आहे की भय आहे? सम्राटापुढे खरे बोलण्याची सोय नसलेल्या राज्यात माणसे आपल्या असहायतेला देवाचे नाव देतात, असे मला वाटते. आणि हे दुःख हिरोडोटसने ठेवले कोणाच्या तोंडी? शत्रूच्या. ज्याच्या लोकांनी ग्रीकांची देवळे जाळली, त्या सैन्यातल्या एका माणसाच्या. विजयाचा इतिहास लिहिताना हरलेल्याचे रडणे जपून ठेवणारा लेखक मला फार मोठा वाटतो.

त्याचे दोष मी झाकणार नाही. झर्क्सीसच्या सैन्याचा आकडा तो सेवकांसकट ५२,८३,२२० असा, अगदी वीसपर्यंत काटेकोर सांगतो. त्यावर कोणी विश्वास ठेवू नये. सोन्याचे कण उकरणाऱ्या, कुत्र्याहून लहान पण कोल्ह्याहून मोठ्या मुंग्या त्याने आपल्या हिंदुस्थानात वसविल्या आहेत. पण त्याच ठिकाणी, तिकडे झाडांना लोकर लागते आणि तिची वस्त्रे करतात, असेही तो सांगतो. तो कापूस होता. सुती वस्त्रे घातलेले, वेताची धनुष्ये घेतलेले हिंदी सैनिक त्याने झर्क्सीसच्या फौजेत नोंदविले आहेत, आणि प्लाटियाच्या रणांगणावरही. त्यांच्या बापांना ती बातमी कधी पोचली, पोचली तरी का, हे कोणत्याच ग्रंथात नाही.

सोलन आणि क्रीसस यांची भेट काळाच्या हिशेबात बसत नाही, हा आक्षेपही जुना आहे. सोलनचे कायदे इ.स.पू. ५९४ च्या सुमाराचे, आणि क्रीसस गादीवर आला तो इ.स.पू. ५६० च्या आसपास. प्लुटार्कला हा आक्षेप ठाऊक होता, तरी इतकी शोभणारी गोष्ट तो टाकायला तयार झाला नाही. चितेवरचा क्रीसस मात्र हिरोडोटसच्या जन्माआधीच रंगविला गेला होता. तसे चित्र असलेला अथेन्सचा एक रंजन पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. हिरोडोटसने कथा निर्माण केली नाही. लोकांच्या तोंडी असलेली कथा घेऊन तिच्यात एक प्रश्न ठेवला. त्याच्यानंतर आलेल्या थुसिडिडीजने देव, स्वप्ने आणि कौल बाजूला सारून इतिहास अधिक कठोर केला. ते योग्यच झाले. परंतु मेजवानीत रडणारा तो इराणी थुसिडिडीजच्या हिशेबी कामाचा ठरला असता की नाही, याची मला शंका आहे.

राहता राहिला मामांचा आक्षेप. त्याचे उत्तर मला बरेच दिवस सुचत नव्हते. क्रीसस आपल्या मुलाला विसरला होता का? मला तसे वाटत नाही. मुलगा पुरलेला बाप दुसरे काय विसरेल, पण ते विसरणार नाही. आपल्या वाट्याला आलेले उलटे होते, हे ज्याला सोसून कळले, तोच सुलटे कोणते हे सांगू शकतो. मुलाने बापाला पोचवावे हा शांततेचा नियम आहे. तिची हमी मात्र कोणी देत नाही. शांततेत हा नियम मोडतो तेव्हा तो अपघात असतो, आणि सारा गाव त्या घराच्या ओट्यावर येऊन बसतो. युद्धात तो हुकूम असतो, आणि प्रत्येक घर आपापल्या ओट्यावर एकटे असते. क्रीससने तो हुकूम स्वतः काढला होता. एका मुलाचे दुःख भोगूनही त्याने हजारो बापांना तेच दिले, आणि चितेवरून उतरल्यावर दोष देवाला दिला. त्या वाक्यात शहाणपण, दुःख आणि पळवाट ही तिन्ही आहेत. फळ्यावर मी त्यातले शहाणपण तेवढे लिहिले होते.

तेव्हापासून सुविचाराखाली मी बोलणाऱ्याचे नाव लिहितो, आणि मधल्या सुट्टीत कोणी विचारले तर गोष्ट सांगतो. मामांना ही सगळी गोष्ट मी एका शनिवारी, शाळा सुटल्यावर पायरीवर बसून सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली. नियम आणि हुकूम यांतला माझा भेद त्यांना फारसा महत्त्वाचा वाटला नसावा. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले,

“आणि तो मुका? त्याचं काय झालं?”

ते सांगायचे माझ्याकडून राहूनच गेले होते. सार्डिस पडले त्या दिवशी एक इराणी शिपाई, हा राजा आहे हे न ओळखता, क्रीससवर धावून आला. राजाला जगण्याची इच्छा उरली नव्हती. तो हललाही नाही. त्या वेळी जन्मात न बोललेला तो मुलगा भयाने ओरडला आणि हा क्रीसस आहे, त्याला मारू नको, असे त्याने शिपायाला सांगितले. त्याचे ते पहिले बोलणे. पुढे जन्मभर तो बोलत राहिला, असे हिरोडोटस म्हणतो.

मामा थोडा वेळ अंगणाकडे पाहत राहिले. मग उठले, किल्ल्यांचा जुडगा काढला आणि म्हणाले,

“हे लिहा की फळ्यावर.”

पण ते दोन ओळींत मावत नाही.